नाशिकच्या सुरक्षिततेची बिनहिशेबी चर्चा

नाशिकच्या कायदा-सुव्यवस्थेवर गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक सूर म्हणतो की शहर हाताबाहेर गेले, मिसरूड न फुटलेली पोरे कोयते घेऊन फिरतात आणि दिवेलागणीनंतर बाईमाणसाने गळ्यात मंगळसूत्र घालून जॉगिंग ट्रॅकवर जायची सोय उरलेली नाही. दुसरा म्हणतो की हे चित्र मोबाईलने फुगवलेले आहे. सिंहस्थ तोंडावर आलेला असताना शहराची बदनामी करणाऱ्यांना कोणीतरी आवरले पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पोलिसांनी गुन्हेगारीविरुद्ध मोहीम उघडली आणि पकडलेल्या माणसांकडून कॅमेऱ्यासमोर ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असे वदवून घेतलेल्या चित्रफिती घरोघरच्या मोबाईलवर पोहोचल्या, तेव्हा मात्र दोन्ही सूर जुळले. एकाला त्यात वचक दिसला, दुसऱ्याला शहराची सुधारलेली प्रतिमा. माझ्या मते दोघांचेही चुकते आहे, आणि चूक एकाच ठिकाणी आहे. गुन्ह्यांविषयी जास्त बोलावे की कमी, यावर भांडण्यात अर्थ नाही. गल्लीत, सोसायटीत, चहाच्या टपरीवर आपण जे बोलतो ते हिशेबाने बोलतो का, हे तपासायला हवे. घटना कुठली, केव्हाची, पाहिली कोणी, तक्रार झाली का आणि तिचे पुढे काय झाले, एवढे ज्या बोलण्यात नाही, त्या बोलण्याने कुणाच्या दाराची कडी घट्ट होत नाही, मग ते कितीही कळकळीचे असो.

नमुन्यादाखल पाथर्डी फाट्याकडच्या किंवा म्हसरूळकडच्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर येणारा संदेश घ्या. ‘सावधान! आपल्या भागात चादरी विकणाऱ्या बायका फिरत आहेत, दार उघडू नका, लहान मुलांना सांभाळा, जास्तीत जास्त शेअर करा.’ खाली काही सेकंदांची चित्रफीत. तिच्यातल्या दुकानाची पाटी नीट पाहिली तर ती गुजराती लिपीत निघते. तारीख नसते. ‘आपल्या भागात’ म्हणजे कोणत्या, ते पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते, कारण त्याला तो मेहुण्याने पाठवलेला असतो आणि मेहुणा जळगावला राहतो. तासाभरात खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सांगतात की कालच अशी एक बाई बेल वाजवून गेली. ती खरोखर चादरी विकायलाच आली असेल, ही शक्यता कोणी बोलून दाखवत नाही. दुसऱ्या दिवशी कमिटी वॉचमनला बजावते की फेरीवाल्यांना फाटकातून आत सोडायचे नाही, आणि विषय मिटतो. वर्षानुवर्षे जुन्या कपड्यांवर भांडी द्यायला येणाऱ्या बोहारणीचे गिऱ्हाईक तेवढे तुटते. मागच्या भिंतीवरचा बंद पडलेला दिवा बंदच राहतो, कारण तो कुणी पेटवायचा, सोसायटीने की महापालिकेने, याचा निकाल त्या ग्रुपवर कधी लागलेला नसतो.

एवढ्यावर भागले तर त्याला खुळचटपणा म्हणून सोडून देता येईल. पण भागत नाही. १ जुलै २०१८ रोजी आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. त्या दिवशी तिथे कुणाचेही मूल हरवलेले नव्हते. त्याच रात्री आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात असाच संशय घेऊन जमावाने एका कुटुंबाला घेरले. तिथे पोलीस वेळेवर पोहोचले म्हणून ती माणसे वाचली. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा यंत्राला घातली गेली. आपल्या जिभेला मात्र कोणी घातली नाही. दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० रोजी, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले, तेव्हाही हवेत चोर आणि मुले पळवणाऱ्यांच्याच वावड्या होत्या. अनोळखी माणूस म्हणजे संशयित, हे समीकरण एकदा पक्के झाले की ते भगवी कफनी पाहून थांबत नाही. ज्या शहरात सिंहस्थासाठी देशभरातून लाखो अनोळखी माणसे, त्यांत भटके बैरागी, भिक्षेकरी आणि फेरीवाले उतरणार आहेत, त्या शहराने हे समीकरण पाळून कसे चालेल?

आता समोरच्या बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे आधी मान्य करतो, कारण ते मान्य न करता उपदेश करणारे लेख आपण पुष्कळ वाचले आहेत. पहिला मुद्दा असा की माणसे ग्रुपवर बोलतात, कारण पोलीस ठाण्यात ऐकणारे कोणी भेटत नाही. हे खरे आहे. चोरीला गेलेला मोबाईल ‘गहाळ’ म्हणून नोंदवून घेणे, फिर्यादीऐवजी साध्या कागदावर अर्ज घेऊन पोच देणे, घटनास्थळ रस्त्याच्या पलीकडे आहे म्हणून हद्दीचा प्रश्न काढणे, हे अनुभव इतके सार्वत्रिक आहेत की कुणालाही त्यांचे नवल वाटत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी, हेही कायद्यातच लिहिले. तरीही नोंद कमी तर गुन्हे कमी, असा सोपा हिशेब कुठे कुठे चालतोच. दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे. भीती हीच एक वस्तुस्थिती असते. गळ्यातली पोत हिसकावली गेलेली बाई पुढची कित्येक वर्षे दुचाकीचा आवाज आला की पदर आवळून घेते. तिला आकडेवारी दाखवून ‘तुमच्या भागात तर असे प्रकार कमीच आहेत’ म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. मुलीने रात्रपाळीची नोकरी सोडली, क्लासची वेळ बदलली, वाकडी वाट करून घरी आली, यांतले काहीच कुठल्या रजिस्टरात चढत नाही. आणि तिसरे, या ग्रुपांमुळे हरवलेले आजोबा सापडतात, चोरीची गाडी ओळखली जाते, हेही आपण पाहतो.

पण हे तिन्ही मुद्दे नीट पाहिले तर कशाच्या बाजूने साक्ष देतात? हरवलेले आजोबा सापडतात त्या संदेशात फोटो असतो, अंगावरच्या कपड्यांचा रंग असतो, शेवटचे कुठे दिसले ते ठिकाण असते, घरच्यांचा फोन नंबर असतो आणि सापडल्यावर ‘सापडले, धन्यवाद, आता पुढे पाठवू नका’ असा दुसरा संदेश येतो. बिबट्याचेही तसेच. गंगापूर रोडच्या मागच्या मळ्यांतून किंवा गोदाकाठच्या उसातून बिबट्या वस्तीत येतो हे नाशिककरांना नवीन नाही, आणि त्याची खबर आली की लोक लगेच विचारतात: कुठल्या कॉलनीत, किती वाजता, ठसे पाहिले का, वन खात्याला १९२६ वर फोन केला का? खोटे फोटो तिथेही फिरतात, परंतु ते पकडलेही जातात, कारण प्रश्न विचारणे तिथे कुणाला अपमानास्पद वाटत नाही. माणसाविषयी संशय व्यक्त झाला की हेच लोक एकही प्रश्न विचारत नाहीत. बिबट्याला जेवढा पुरावा लागतो तेवढाही चादर विकणारीला लागत नाही.

राहिला ठाण्यात न ऐकण्याचा मुद्दा. ती तक्रार खरी असेल, तर तिचे उत्तर ठाण्याच्याच दारात मागायला हवे, आणि त्यासाठी लागणारी काही हत्यारे आपल्या हाती आहेत. संवेदनशील प्रकरणे वगळता प्रत्येक प्रथम खबरी अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ते पाहता येतात. ‘शहराचे काय चाललेय’ म्हणून रोज हळहळणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या ठाण्याची, इंदिरानगरची, अंबडची, उपनगरची, एका आठवड्याची नोंद उघडून पाहिली असेल? पाहिली असती तर घरफोड्या दिवसा जास्त होतात की रात्री, दुचाक्या कुठल्या वाहनतळावरून जातात, हे समजले असते आणि गस्त कुठे हवी ते नेमके मागता आले असते. सरकारी आकडेवारीचा दोष इथे मान्य केलाच पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२३ सालचा अहवाल सप्टेंबर २०२५ अखेरीस प्रसिद्ध झाला, आणि २० लाखांवरच्या ज्या १९ महानगरांचे तक्ते त्यात स्वतंत्रपणे मांडलेले असतात त्यांत नाशिक नाही. दोन वर्षे शिळी आकडेवारी गल्लीच्या काही कामाची नसते. म्हणून ठाणेनिहाय, महिन्याच्या महिन्याला, किती गुन्हे नोंदले, किती उघडकीस आले आणि अर्जावर किती भागवले, याचा साधा तक्ता ठाण्याच्या फलकावर लागला पाहिजे, ही मागणी बालेकिल्ल्याच्या घोषणेहून कितीतरी अवघड आहे. पकडलेल्या माणसाला हात जोडायला लावणे त्यामानाने सोपे, कारण त्याचा दोष अजून कुठल्याही न्यायालयाने ठरवलेला नसतो आणि त्याच्या बाजूने बोलायला त्या क्षणी कोणी उभे नसते. शिवाय अशा चित्रफिती पाहायची चटक लागलेला समाज उद्या अल्पवयीन मुलाचीही मागतो. बालन्याय कायदा २०१५ चे कलम ७४ अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करते, हे वर्तमानपत्रांना माहीत असते म्हणून ती ‘विधिसंघर्षित बालक’ लिहितात. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र त्याच मुलाचे नाव, शाळा आणि आडनावावरून काढलेली जात रात्री आठपर्यंत सगळ्यांना पाठ झालेली असते.

आपण कशाला धोका म्हणतो, यातही मोठी गोम आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची टाकी गळून किमान बावीस रुग्ण तडफडून गेले. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडवर मिर्ची हॉटेलच्या चौकात खासगी बस आणि ट्रकची टक्कर होऊन बसने पेट घेतला, त्यात बारा जण गेले. कुठल्या टोळीने एका दिवसात नाशिकमध्ये इतके जीव घेतले? त्या चौकातला अतिक्रमणांचा आणि वेगाचा प्रश्न अपघाताआधी किती सोसायट्यांच्या ‘सुरक्षा’ या विषयाखाली बसत होता? आणि टाकीची तपासणी? तीच गोष्ट पैशांची. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. पण व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश पाहून निवृत्त माणूस आयुष्यभराची पुंजी परक्या खात्यात टाकतो आणि लाजेने गप्प बसतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर पहिल्या तासा-दोन तासांत फोन गेला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणजे इथे बोलण्याला खरोखर किंमत आहे, आणि नेमके इथेच शेजारी शेजाऱ्याला काही सांगत नाही. घरातल्या अत्याचाराचे तर विचारूच नका. बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, असे राष्ट्रीय अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. वॉचमनच्या वहीत फेरीवाल्याचे नाव लिहून घेणारी आपली व्यवस्था त्या ओळखीच्या माणसाला फाटकातून नमस्कार करून आत सोडते.

‘हे सगळे बाहेरून आलेल्यांमुळे झाले,’ हे वाक्य या चर्चेत येणारच, आणि ते बोलणाऱ्याला नुसते संकुचित म्हणून मोकळे होता येणार नाही. २००१ मध्ये १०.७७ लाखांचे शहर २०११ मध्ये १४.८६ लाखांचे झाले; इतक्या वेगाने वाढणाऱ्या वस्तीत माणूस माणसाला ओळखत नाही, भाडेकरू सहा महिन्यांत बदलतो, आणि ओळखीची जी नजर जुन्या वाड्यांत आपोआप पहारा देत होती ती नवीन इमारतींत उरत नाही. एवढे मान्य. पण या शहरात आतला कोण? सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत खानदेशातून, मराठवाड्यातून आणि पुढे उत्तरेतून माणसे आली म्हणून हे शहर पंचवटी आणि जुन्या नाशिकबाहेर पसरले. सिडकोच्या सहा योजनांत ती राहिली, आणि त्या वस्तीला गावातले लोक बरीच वर्षे नाक मुरडून बोलत होते. आज त्याच सिडकोतली दुसरी पिढी ‘बाहेरच्यां’ची तक्रार करते. नव्याने आलेल्याकडे बोट दाखवण्याचा हक्क मिळणे, हीच जणू नाशिककर झाल्याची पावती!

जन्मावरून संशय घेण्याचा प्रयोग या देशात एकदा कायदा करून झालेला आहे. १८७१ च्या आणि त्यानंतरच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अख्खे समाजच्या समाज जन्मतः चोर ठरवले, त्यांना हजेरी लावली, आपल्याकडे सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते मुक्त झाले. त्यांतल्या एका समाजाची गोष्ट या विषयाला फारच लागू पडते. इंग्रजांच्या आधीपासून दख्खनच्या गावांत राखणदारी रामोशी करत. चोरी झाली की माग काढत शिवेपर्यंत जायचे, पुढे माग दुसऱ्या गावात गेलेला दिसला तर तो तिथल्या राखणदाराच्या हवाली करायचा, आणि माग आपल्याच गावात संपला तर माल शोधून द्यायचा किंवा भरपाईला उत्तर द्यायचे, अशी ती रीत होती. ती जातीवर उभी होती, तिच्यात जुलूम होता, आणि ती परत यावी असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: ज्याने ‘चोर इकडे गेला’ म्हणायचे, त्यालाच त्या बोलण्याचे उत्तर द्यावे लागे. पुढे राज्य बदलले, राखण गेली आणि तोच रामोशी संशयिताच्या रांगेत उभा केला गेला. आज तो महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. आपल्या ग्रुपांवर चोराचा माग सांगणारे पुष्कळ आहेत, शिवेपर्यंत चालणारे कोणी नाही.

यावर विचारले जाईल की मग करायचे काय, पोलीस सुधारेपर्यंत गप्प बसायचे? अलीकडच्या इतिहासातले एक उदाहरण आपल्याच महामार्गावर, मुंबईच्या वाटेवर आहे. भिवंडीत १९७० मध्ये दंगल झाली, १९८४ मध्ये पुन्हा झाली, आणि ते गाव दंगलीचेच म्हणून ओळखले जाऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या: हिंदू आणि मुसलमान दोन्हींतली साधी माणसे, सोबत त्या भागाचा पोलीस, नियमित बैठका, आणि चर्चेला नळाचे भांडण, गल्लीतली हाणामारी, आज उठलेली आवई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा तिथेही पोहोचल्या असणारच. पण त्या खऱ्या की खोट्या, हे ज्याला विचारायचे तो माणूस तोंडओळखीचा होता. शांतता समित्या पुढे गावोगावी झाल्या, नाशिकमध्येही सणासुदीला त्यांच्या बैठका होतात, आणि त्यांत बहुतेकदा राजकीय कार्यकर्ते, मंडळांचे अध्यक्ष आणि सत्काराचे शौकीन बसतात, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. भिवंडीच्या समित्या चालल्या त्या अशा माणसांना बाजूला ठेवून आणि सण नसतानाही बसत राहिल्यामुळे.

सीसीटीव्ही हा दुसरा तोडगा लोक आवडीने सांगतात. कॅमेरे असावेत; त्यांच्या आधारे गुन्हे उघडकीस येतात. कॅमेरा मात्र बंद दिव्याची तक्रार करत नाही, आणि शाळेच्या कोपऱ्यावर टवाळखोरी करणारा मुलगा दोन महिन्यांपूर्वीच शाळेतून गळाला, हेही तो सांगत नाही. ते सांगणारी बाई त्याच गल्लीत राहते. तिला बोलायला जागा हवी, जिथे तिचे नाव चार गावांत फिरणार नाही आणि तिच्या बोलण्याची नोंद होईल.

अशी जागा कायद्यात आहे. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्राच्या आसपासच्या मतदारांनी बसून आपल्या भागाचे प्रश्न मांडावेत, असा तिचा आशय. ती कागदावर राहिली. नाशिकमध्ये तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. दिवा, गटार, पथदीप, मोकाट कुत्री यांचे गाऱ्हाणे मांडायला माणूसच नसल्यावर ते ग्रुपवर भीती होऊन साचले, यात आश्चर्य कसले? आता १२२ जण निवडून आले आहेत. आपल्या प्रभागाची क्षेत्रसभा कोणत्या तारखेला, ठाण्याचा अधिकारी तिथे येणार का, मागच्या महिन्याचा तक्ता आणणार का, आणि बंद दिव्यांची यादी कोणाच्या सहीने विद्युत विभागाकडे जाणार, एवढे चार प्रश्न लेखी देऊन पोच घेता येते. तिथेही तेच मोठ्या आवाजाचे चौघे बोलतील, अशी शंका रास्त आहे. सभेत मात्र त्यांना विचारता येते: साहेब, तुम्ही म्हणता ती बाई तुम्ही स्वतः पाहिली का, कोणत्या दिवशी, आणि त्या दिवशी कुणाकडे चोरी झाली?